दमदमचा मारवा

गुरुवार

मिरजेहून निघालो तेव्हा आमच्या दोघांच्या सामानात सगळ्यात जड वस्तू होती ती पुठ्ठ्यांची चळत. चौदा इंची चौकोनी कापलेले जाड पुठ्ठे, त्यांच्यामध्ये नवीन पातळ पिशव्या, एक दिवा असलेलं भिंग, मखमलीचा ब्रश, डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि माझी वही. कपडे त्या मानाने थोडेच. ताई म्हणाली, "स्वेटर घेतलास ना? कोलकात्याला जानेवारीत गारठा असतो." तेवढं एक तिच्यामुळे आलं.

आम्ही निघालो होतो एका रेकॉर्डसाठी. गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६० सालची लाँग प्ले, एचएमव्ही, क्रमांक ईएएलपी १२५३. एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला राग दरबारी. ही रेकॉर्ड आमच्या घरी आहेच, पण ती सत्तरच्या दशकात पुन्हा छापलेली प्रत. पहिल्या छपाईची प्रत आम्ही बहीणभाऊ नऊ वर्षं शोधत होतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी किती चकरा मारल्या त्याची गणती नाही. मुंबईत चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, हात काळे होईपर्यंत गठ्ठे उपसले. तिथून हाकेच्या अंतरावर भेंडीबाजार. ज्या अमान अली खाँसाहेबांच्या गायकीचा अमीर खाँवर ठसा होता, त्यांच्या घराण्याला नाव देणारी ही वस्ती. तिथेच रेकॉर्ड मिळावी असं मला फार वाटायचं. मिळालं ते नुसतं कव्हर, आत कुठल्याशा सिनेमाची गाणी.

शेवटी ताईनेच विचार मांडला. "जिथे छापली तिथे जाऊन बघू या की."

छापली कोलकात्याजवळ दमदमला. साठच्या दशकात आपल्याकडे निघालेल्या जवळजवळ सगळ्याच लाँग प्ले तिथल्या. एचएमव्ही ज्यांची, त्या ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदाजवळ कारखाना काढला, पुढे तो दमदमला हलला. बंगालमध्येच का, याचं एक साधं कारण म्हणजे लाख. जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या लाखेच्या, आणि ती लाख छोटा नागपूरच्या जंगलातून यायची. मुंबईत वडाळ्याला 'यंग इंडिया' छापाच्या रेकॉर्डींचा स्वदेशी कारखाना होता, पण तो पन्नासच्या दशकातच बंद पडला. म्हणजे आपली भावगीतं, नाट्यपदं, अभंग, जे काही त्या काळी आपल्या घरांत वाजलं, ते दमदमच्या कारखान्यातून बाहेर पडून, देशाची रुंदी ओलांडून आपल्याकडे आलं.

आमच्यात कामाची वाटणी ठरलेली आहे. ताई कानाची, मी डोळ्यांचा. ती पस्तीस वर्षं गाणं शिकवत होती. मी रेकॉर्डवरचे आकडे वाचतो. लेबलाच्या बाहेर जी गुळगुळीत पट्टी असते, जिथे सुई शेवटी फिरत राहते, तिथे मॅट्रिक्स क्रमांक ठोकलेला असतो. त्याच्या शेवटी आडवी रेघ आणि १ असेल, तर ती मूळ टेपवरून केलेली पहिली कटिंग, म्हणजे खोबणीची पहिली कोरणी. पुढे साचे झिजले किंवा बिघडले की पुन्हा कटिंग होते, आणि आकडा वाढतो. कव्हर बदलता येतं, लेबलही फसवू शकतं, हा आकडा मात्र तबकडीच्या अंगावरच असतो.

पुण्याहून संध्याकाळी आझाद हिंद एक्सप्रेस पकडली.

शुक्रवार

दिवसभर गाडी. नागपूर, रायपूर, बिलासपूर. ताईने खिडकीशी बसून मारव्याची बंदिश मनातल्या मनात चारदा तरी म्हटली असेल. ओठ हलत होते, त्यावरून कळलं.

शनिवार

हावड्याला उतरलो तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. पुलावरून जाताना खाली हुगळीवर धुकं होतं. मुक्काम हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात. कोलकात्यातल्या मराठी माणसांची ही जुनी वास्तू, इथला गणपतीही प्रसिद्ध. अनोळखी शहरात पहिल्या अर्ध्या तासात मराठी कानावर पडलं की प्रवासाचा शीण निम्मा उतरतो.

दहा वाजता जतीन दास पार्कहून मेट्रो धरली आणि एस्प्लनेडला उतरलो. तिथून लेनिन सरणीने चालत वेलिंग्टनच्या चौकापर्यंत. या भागात जुन्या रेकॉर्डींचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. फुटपाथवर, भिंतीला टेकवून, ताडपत्रीखाली, गठ्ठेच्या गठ्ठे. सगळ्यात जास्त रवींद्रसंगीत आणि पूजेची गाणी. दुर्गापूजेच्या आधी एचएमव्ही दरवर्षी नवी गाणी काढायची आणि सोबत 'शारद अर्घ्य' नावाची पुस्तिका, त्यात गाण्यांचे शब्द आणि गायकांचे फोटो. आपल्याकडे दिवाळी अंकाची जशी वाट पाहायचे, तशी तिकडे पूजेच्या गाण्यांची. एका विक्रेत्याकडे अशा पुस्तिकांची चळत सुतळीने बांधून ठेवलेली होती. ती मात्र विकायची नव्हती.

त्याच ढिगात ताईला माणिक वर्मांची एक ७८ची तबकडी सापडली. इथे कशी आली असेल? बदलीवर आलेलं कुणी मराठी कुटुंब परत जाताना जड सामान नको म्हणून टाकून गेलं असेल. काठाला नखाएवढा टवका उडालेला, पण गाणं सुरू होतं त्याच्या अलीकडेच थांबलेला. दोनशे रुपयांना घेतली.

विक्रेता ती तबकडी आम्हाला चकचकीत करून द्यायला निघाला. बाटलीतला स्पिरिट फडक्यावर ओतला, तेवढ्यात मी जवळजवळ ओरडलोच. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश करतात ते त्यामुळेच. विनाइल या प्लॅस्टिकच्या लाँग प्लेवर स्पिरिटने तेवढं बिघडत नाही, पण लाखेच्या तबकडीवर एक हात फिरवला तरी खोबण्यांना कायमची इजा होते. त्या माणसाने फडकं खाली ठेवलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "वीस वर्षं मी हेच करतोय, दादा." मग बराच वेळ तो गठ्ठ्याकडे बघत राहिला. मलाही त्या वीस वर्षांत पुसल्या गेलेल्या तबकड्यांचा विचार करवेना. लाखेसाठी कोरडा मऊ ब्रश, फार तर पाण्याने किंचित ओलं फडकं, एवढंच पुरे, हे त्याला नीट सांगितलं. त्यानेही मग आमचं काम मनावर घेतलं. अमीर खाँ त्याच्याकडे नव्हते, पण दमदमला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या कामगाराचा पत्ता त्याने कागदावर लिहून दिला. "फॅक्टरीतले आहेत. त्यांना विचारा."

संध्याकाळी फ्री स्कूल स्ट्रीट. नाव आता मिर्झा गालिब स्ट्रीट आहे, पण रेकॉर्डवाले जुनंच नाव घेतात. इथली दुकानं जगभरच्या संग्राहकांना माहीत. परदेशी पाहुणे इथे सगळ्यात आधी विचारतात ते बीटल्सच्या ७८च्या तबकड्यांना. इंग्लंड-अमेरिकेत तोवर ७८चा जमाना संपला होता. आपल्याकडे गावोगावी वीज नव्हती, चावीचे फोनो होते, म्हणून दमदमला साठच्या दशकातही बीटल्सची गाणी ७८वर निघत राहिली. आज त्यांना सोन्याचा भाव आहे.

आणि तिथे, तिसऱ्या दुकानात, ईएएलपी १२५३. जाड पुठ्ठ्याचं कव्हर, कडा पिवळ्या पडलेल्या, मागच्या बाजूचा मजकूर स्वच्छ. माझ्या पोटात गोळा आला. दुकानात एकच दिवा, मागे तीन गिऱ्हाइकं उभी, मालकाला दुकान बंद करायची घाई. मी लेबलावरचा नंबर बघितला, चरे बघितले आणि साडेतीन हजार मोजून दिले. भिंग पिशवीतून काढलंच नाही.

खोलीवर येऊन टेबलाच्या दिव्याखाली तबकडी धरली. वजन हलकं लागलं. भिंग लावलं. पट्टीवरचा शेवटचा आकडा आमच्या घरच्या प्रतीशी तंतोतंत जुळत होता. कव्हर १९६०चं, आत सत्तरच्या दशकातली रेकॉर्ड. कुणाच्या तरी घरी कधीतरी दोन प्रतींची अदलाबदल झाली असणार. ताई काही बोलली नाही. तिने माझ्या हातातून ती घेतली, पिशवीत घातली आणि भिंतीशी उभी करून ठेवली.

रविवार

सकाळी रसेल स्ट्रीटवर रसेल एक्सचेंजचा लिलाव बघितला. इथे दर रविवारी जुन्या घरांतलं सामान लिलावात निघतं. शिसवी कपाटं, झुंबरं, चिनी मातीची भांडी, कुलूप नसलेल्या पेट्या. एक रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेलं यंत्र, निघाला, त्याच्यासोबत तीसेक रेकॉर्डी होत्या, पण सगळ्या इंग्रजी नाचगाण्यांच्या. आम्ही बोली लावली नाही.

उरलेला दिवस शहरात फिरण्यात गेला. मातीच्या भांडकुल्यातला चहा, नोलेन गुडाचा सोंदेश. खजुरीच्या झाडाच्या रसाचा हा गूळ थंडीतच मिळतो. ताई म्हणाली, आपल्याकडच्या काकवीचा लांबचा भाऊ. मी मान डोलावली, पण माझं मन खोलीतल्या त्या कव्हरापाशीच अडकलेलं होतं.

सोमवार

आधी फ्री स्कूल स्ट्रीट. दुकानदाराने पैसे परत करायला नकार दिला. बघून घेतलीत ना, म्हणाला, आणि ते खरंच होतं. बदल्यात दुसरं काहीतरी घ्या, एवढ्यावर तो आला. मग ताई पुढे झाली. तिने शांतपणे तासभर फडताळ चाळलं आणि १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' बाहेर काढली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांमधून सांगणारी रेकॉर्ड. जगभर गाजली ती. पण मराठी माणसाने लक्षात ठेवावीत अशी त्यात आणखी दोन नावं आहेत. तबल्यावर माणिकराव पोपटकर, आणि ही सगळी कल्पना रेकॉर्डवर उतरवणारे एचएमव्हीच्या मुंबई शाखेतले जी. एन. जोशी. जोशी स्वतः भावगीत गायक होते. स्टुडिओत काचेपलीकडे बसणारा माणूस गाणारा असला की रेकॉर्ड वेगळी होते, असं मला नेहमी वाटतं. या वेळी मी भिंग आधी काढलं. पट्टी नीट वाचली, दोन्ही बाजू वाचल्या. हिशेब मिटवला आणि निघालो. मारव्याचं ते रिकामं झालेलं कव्हर मात्र मी मागून घेतलं. दुकानदाराला त्याचं काही वाटलं नाही.

दुपारी मेट्रोने दमदम, पुढे जेसोर रोड. कारखान्याच्या जागेसमोर उभे राहिलो. आत जायची परवानगी आम्ही काढलेली नव्हती, त्यामुळे रस्त्यापलीकडूनच बघितलं. बसेस, सायकल रिक्षा, फुटपाथवर भाजीवाली. आमच्या मिरजेच्या घरातली प्रत्येक जुनी रेकॉर्ड या रस्त्याने बाहेर पडली होती. ताईने हात जोडले. मीही जोडले.

पत्त्यावरचे गृहस्थ तिथून पंधरा मिनिटांवर राहत होते. तिसरा मजला, जिना अरुंद. वय ऐंशीच्या घरात, अंगावर शाल, कानटोपी. १९६६ साली प्रेसिंग खात्यात कामाला लागलेले. हिंदी आणि बंगाली मिसळून बोलत होते. ताईला "दीदी, आप बैठिए" म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि वही उघडली.

रेकॉर्ड कशी छापतात हे मी पुस्तकांत वाचलं होतं. लॅकरचा, म्हणजे लाखेचा नव्हे तर नायट्रोसेल्युलोजचा, लेप दिलेल्या तबकडीवर टेपवरून खोबणी कोरतात. तिच्यावर चांदीचा पातळ थर आणि मग निकेल चढवतात, ते सोलून काढलं की उलटा ठसा मिळतो. त्यावरून पुन्हा सुलटा, त्याला मदर म्हणतात. आणि मदरवरून काढलेले उलटे ठसे म्हणजे प्रेसमध्ये बसणारे साचे, स्टँपर. पण हे सगळं त्यांनी हातांनी सांगितलं तेव्हा कुठे समजलं. डावा तळवा उताणा धरला. "हा खालचा साचा. यावर लेबल, उलटं." मग मूठ ठेवली. "हा मालाचा गोळा, गरम. त्यावर दुसरं लेबल." उजवा तळवा वरून आणला आणि दाबला. "आता वाफ. गोळा पसरतो, काठापर्यंत जातो. मग वाफ बंद, गार पाणी. उघडायचं, उचलायचं, बाजूला निघालेली कड कापायची. पुढचा गोळा." लेबलं चिकटवत नाहीत, त्याच दाबाने ती तबकडीत बसतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक गुळगुळीत पांढरा डाग होता, रुपयाएवढा. मी त्याकडे बघतोय हे पाहून त्यांनी तो दुसऱ्या हाताने चोळला आणि म्हणाले, "गरम कड."

मी विचारलं, पहिल्या छपाईत आणि नंतरच्यात खरंच फरक पडतो का? की आम्हा संग्राहकांचं वेड?

ते थोडे थांबले. मग म्हणाले, नवा साचा लावला की पहिल्या काही रेकॉर्डी तपासायला जायच्या. तिथे जो माणूस ऐकायला बसायचा, तो साचा म्हातारा झाला की ओळखायचा. आधी बारीक आवाज जातात. तंबोऱ्याची झार, तबल्याच्या किनारीचा टणत्कार, गाणाऱ्याचा श्वास. शब्द शेवटपर्यंत राहतात, सूरही राहतो. पण हवा जाते. त्यांचा शब्द 'हाओवा'. मी तो तसाच वहीत लिहिला.

त्यांच्याच बोलण्यातून सत्तरच्या दशकातला फरकही कळला. विनाइल म्हणजे पीव्हीसी, ते तेलापासून होतं. १९७३ला तेल भडकलं तसा माल महागला. तबकड्या पातळ होत गेल्या, कापलेल्या कडा पुन्हा वितळवून वापरणं वाढलं. आमच्या घरच्या प्रतीत गाण्यामागे जी सतत एक खसखस आहे, तिचं उत्तर मला त्या खाटेवर मिळालं.

निघताना ताईने सहज विचारलं, आमच्या मराठी रेकॉर्डी आठवतात का? नावं नाही आठवत, म्हणाले. मग डोळे मिटून एक चाल गुणगुणले. शब्द एकही नाही, नुसतं आ-आ. दुसऱ्या ओळीला ताईने शब्द घातले. अभंग होता, आमच्या आजीच्या तोंडी रोज असणारा. त्यांनी डोळे उघडले. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी तपासणीच्या खोलीतून दिवसभर ती चाल ऐकू येत होती, आणि ती कशाबद्दल आहे हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. ताईने अर्थ सांगितला. विठोबा कोण, हेही सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, ठाकूर का गाना था." आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

अमीर खाँ त्यांच्याकडे नव्हते. पण त्यांच्या ओळखीत बागबाजारला एक घर होतं. त्यांनी तिथे फोन लावला आणि बराच वेळ बंगालीत बोलले.

मंगळवार

बागबाजार म्हणजे उत्तर कोलकाता. हिरव्या झडपांच्या खिडक्या, लोखंडी जाळीचे सज्जे, गल्लीच्या टोकाला गंगा. आम्हाला चार वाजता बोलावलं होतं.

दार उघडलं त्या बाईंना सगळे माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हटलं. यजमान जाऊन अकरा वर्षं झालेली. त्यांचं कपाट तेव्हापासून तसंच होतं. रेकॉर्डी उभ्या लावलेल्या, एकावर एक नाही, मध्येमध्ये कडुलिंबाच्या सुक्या पानांच्या पुरचुंड्या. कोलकात्याच्या दमट हवेत विनाइलवरही पांढरी बुरशी धरते, गेल्या तीन दिवसांत आम्ही शेकडो तशा बघितल्या होत्या. इथे एकीवरही डाग नव्हता. प्रत्येक कव्हराच्या मागे, खाली उजव्या कोपऱ्यात, निळ्या शाईने तारीख.

माशीमांनी स्वतःच ती काढून दिली. कव्हर आमच्याकडच्या रिकाम्या कव्हरासारखंच. कोपऱ्यात बंगाली आकड्यांत १९६१चा जानेवारी. मी तबकडी दोन तळहातांमध्ये काठावर धरून बाहेर काढली. जड, ताठ, शाईसारखी काळी. खिडकीशी नेऊन तिरपी केली तेव्हा खोबण्यांवरून उजेड अखंड पट्ट्यासारखा फिरला. भिंग लावलं. लेबलाबाहेर एक बोटभर रुंद काळी पट्टी, तिच्यात गोल फिरत आत जाणारी सुईची शेवटची वाट, आणि त्या वाटेच्या आतल्या अंगाला ठोकलेले आकडे. एकेक आकडा वेगळ्या ठोक्याचा, किंचित वरखाली, हाताने ठोकलेला दिसणारा. शेवटी आडवी रेघ. आणि १.

उलटी केली. दरबारीच्या बाजूलाही १.

माझ्याने बोलवेना. ताई म्हणाली, "आकडे झाले ना बघून? आता ऐकू या."

इथे मला भीती वाटली, ती खरी सांगतो. त्यांचा रेडिओग्राम जुना होता, आत एकामागून एक रेकॉर्डी लावणारा गॅरार्डचा चेंजर आणि सिरॅमिक पिकअप, म्हणजे सुई बसवलेला भाग. त्या काळच्या पिकअपचा सुईवर भार जास्त, आणि सुई झिजलेली असेल तर एकाच वाजवण्यात खोबणीच्या भिंती खरवडल्या जातात. ज्या हवेसाठी नऊ वर्षं शोधत होतो, तीच जायची. मी ताईकडे बघितलं. माशीमा झाकण उघडून उभ्या होत्या, पदराने थाळी पुसत होत्या. यजमान गेल्यापासून त्यांनी तो लावलेला नव्हता. मी भिंगातून सुई बघितली. टोक अजून गोल होतं. रेकॉर्ड थाळीवर ठेवली.

साडेपाच होत आले होते. मारवा दिवेलागणीचा. कुणी ठरवलं नव्हतं, तरी वेळ तीच होती.

आधी तंबोरा. आमच्या घरच्या प्रतीत तंबोरा म्हणजे मागे कुठेतरी चाललेली एक घोंघों. मिरजेत सतारमेकर गल्लीत आमचं बालपण गेलंय, जवारी लावताना तारेखाली सूत कसं सरकवतात हे आम्ही रोज बघत मोठे झालो. इथे ती जवारी ऐकू येत होती. प्रत्येक तार स्वतंत्र छेडली जात होती आणि प्रत्येकीची झार पुढच्या तारेवर सांडत होती. मग खाँसाहेबांचा आवाज, खालच्या सप्तकात, कुठलीही घाई नसलेला. 'पिया मोरे अनत देस'. मारव्यात पंचम नाही, आणि षड्जावर तर ते येतच नाहीत. कोमल रिषभावर थांबतात, धैवतावर थांबतात, षड्जाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरतात. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. ताईने एक बोट वर केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "इथे श्वास आहे. आपल्या रेकॉर्डमध्ये इथे काहीच नाही."

मला तेव्हा जे कळलं ते इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. ७८च्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. अब्दुल करीम खाँ, केसरबाई, सगळ्यांनी त्या चिमटीत राग बसवला आणि थोर बसवला. पण अमीर खाँचं गाणं असं होतं की तीन मिनिटांत त्यांची पहिली आलापीही संपायची नाही. एकेक स्वर घेऊन त्याच्या शक्य तितक्या जोड्या उलगडायच्या, त्या मेरुखंडाच्या गायकीला जागा हवी. लाँग प्ले आली, बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, आणि १९६० साली हा माणूस पहिल्यांदा लोकांच्या घरी आपल्या चालीने येऊन बसला. गाण्यातली ती शांतता हाच त्या रेकॉर्डचा अर्धा जीव आहे. नंतरच्या छपाईत स्वर राहिले होते, पण शांततेत खसखस भरली होती. पहिल्या छपाईसाठी आम्ही का वणवण करतो, असं मला पुष्कळ जण विचारतात. त्या संध्याकाळी बागबाजारला माझ्याबरोबर कुणी असतं, तर विचारायची गरज पडली नसती.

'गुरु बिन ग्यान' संपलं. सुई आतल्या पट्टीवर जाऊन फिरत राहिली. बाहेर शंख वाजत होते.

मी दरबारी लावायला गेलो तर माशीमांनी हात आडवा केला. यजमान ती बाजू रात्रीच्या जेवणाआधी कधी लावत नसत. "ती तुमच्या घरी लावा. मध्यरात्री."

आम्ही पाच हजार पुढे केले. त्यांनी तीन मोजून घेतले आणि उरलेले ताईच्या मुठीत परत कोंबले. मग त्यांनी एकच गोष्ट मागितली. कव्हरावरची तारीख खोडू नका. मी आमच्याजवळचं रिकामं कव्हर दाखवलं आणि म्हणालो, प्रवासात रेकॉर्ड यात घालतो, म्हणजे तुमच्या कव्हराच्या कडा घासणार नाहीत. त्या हसल्या. कपाटात झालेल्या फटीत त्यांनी शेजारच्या रेकॉर्डी सरकवून घेतल्या आणि दार लावलं.

परतताना टॅक्सीत ताईने एकदा विचारलं, खाँसाहेब याच शहरात गेले ना? याच शहरात. १३ फेब्रुवारी १९७४, मोटारीचा अपघात. गोब्राच्या कब्रस्तानात त्यांना दफन केलं. पुढे आम्ही दोघंही काही बोललो नाही.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार

परतीची गाडी. रेकॉर्ड आडवी ठेवली की वजनाने आणि उष्णतेने वाकते, म्हणून ती दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून, वरच्या बर्थवर भिंतीशी उभी लावली आणि तिच्या बाजूला मी कूस करून झोपलो. रात्री दोनदा उठून हात लावून पाहिला.

शनिवार

मिरजेला पोचल्यावर दिवसभर तिला घरच्या हवेत नुसतं राहू दिलं. संध्याकाळी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, मखमलीच्या ब्रशने खोबणीच्या दिशेने, गोल गोल धुतली. पुन्हा नुसत्या पाण्याने. लेबल कोरडं राखलं. ताटाळ्यात उभी करून वाळवली.

ताई बाराला दहा कमी असताना आली. शाल पांघरून तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली. मी दिवा मालवला, फक्त टर्नटेबलचा छोटा दिवा ठेवला आणि दरबारीची बाजू लावली. तंबोरा, मग खर्जातला गंधार, आंदोलन घेत घेत खाली उतरणारा. मारव्याइतकीच मोकळी जागा, पण इथे तिला वजन होतं.

सातव्या मिनिटाच्या सुमारास एक चरा लागला. तिरपा असणार, खिडकीशी बघितलं तेव्हा मला दिसला नव्हता. थाळीच्या प्रत्येक फेऱ्याला एक टक्. लाँग प्लेचा एक फेरा १.८ सेकंदांचा, त्या अंतराने नेमका. मी उठायला लागलो, तर ताईने बसायची खूण केली. मी मोजत बसलो. अकरा वेळा वाजला आणि थांबला. खाँसाहेब तोवर मध्यमावर आले होते.